पातं पाण्यात रोवताना

सुरतेत सिंगणपोर आणि रांदेर यांच्यामध्ये तापीवर एक बंधारा आहे. शहरातले लोक त्याला कॉजवे म्हणतात, कारण रस्ताही त्याच्यावरूनच जातो. वरच्या अंगाला गोडं पाणी तुंबतं आणि तेच शहराच्या नळांना पुरवलं जातं. खालच्या अंगाला खंबातच्या आखातातून आत शिरलेली भरती दिवसातून दोनदा भिंतीच्या पायाशी येऊन थांबते. वर अडवलेलं संथ पाणी आणि खाली काही तासांनी दिशा बदलणारी खारी धार, तीही शहराच्या ऐन मध्यात. कयाक शिकणाऱ्याला आणखी काय हवं असतं? वरच्या पाण्यात हात बसवावा आणि खालच्या पाण्यात तो पारखून घ्यावा.

मराठी माणसाला ही नदी परकी नाही. मुलताईला उगम पावलेली तापी भुसावळ, प्रकाशा असा खानदेश ओलांडून उकाईच्या धरणात विसावते आणि 724 किलोमीटरांची वाट संपवून सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिच्याच काठची माणसं पोटासाठी तिच्या मुखाकडे आली. सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांत अहिराणी सहज कानावर पडते. या वस्त्यांनी यंत्रमाग चालवले, कापडाच्या बाजारात ओझी वाहिली. नदीवर खेळायला मात्र त्यांना आजवर फारशी जागा मिळाली नाही. 2022 मध्ये 36वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत भरली, तेव्हा टेबल टेनिस आणि बॅडमिंटन सुरतेला मिळालं, तर कयाक, कनू आणि रोइंगच्या शर्यती अहमदाबादला साबरमतीवर झाल्या. तापी ती संधी पेलू शकली असती असं तिचं पाणी पाहणाऱ्या कोणालाही वाटेल.

पण पाणी असलं की काम झालं असं नाही. कयाकचा विषय निघाला की बोलणं होडीवरच अडतं. तिची लांबी किती, रंग कोणता, किंमत किती, बसायला एकाची की दोघांची, यावर तासभर चर्चा होते आणि वल्हं मात्र होडीबरोबर येईल ते घेतलं जातं. हा क्रम उलटा आहे. तासभराच्या फेरीत माणूस साधारण 3600 वेळा पातं पाण्यात घालतो आणि काढतो. त्याच्या खांद्यांचं, मनगटांचं आणि पाठीचं काय होणार हे होडीपेक्षा वल्हंच जास्त ठरवतं. ते कसं घडलंय आणि पाण्यात नेमकं काय करतं हे एकदा नीट कळलं की साधी प्लास्टिकची होडीही अंगावर येत नाही.

सुरतेला होड्यांचं शहाणपण नवं नाही. सतराव्या शतकात इंग्रज, डच आणि पोर्तुगीज या किनाऱ्यासाठी झगडले, ते सुरतेच्या बंदरामुळे. मोठी गलबतं तापीच्या गाळात येऊ शकत नसत. ती जवळच्या सुवाळीच्या खोल पाण्यात नांगर टाकत. 1612 मध्ये तिथेच इंग्रज आणि पोर्तुगीजांची लढाई झाली. सुरतेच्या गोदीत घडलेला लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार 1736 च्या सुमारास मुंबईला नेला गेला आणि त्याच्या घराण्यानं मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजांची परंपरा उभी केली. त्या घराण्याच्या हाताखाली 1817 मध्ये पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. दक्षिण गुजरातेतले टंडेल आणि कोकणातले तांडेल एकाच दर्यावर्दी व्यवसायातले. कोकणात होडी कलंडू नये म्हणून बाजूला उलांडी बांधतात, ती कल्पनासुद्धा लाटेचा आणि वल्ह्याचा विचार करूनच आली असणार.

या सगळ्या होड्यांची वल्ही आणि कयाकचं वल्हं यांत एक मूलभूत फरक आहे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले, ते रोइंगमध्ये. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या संघातही ते होते. रोइंगमध्ये खेळाडू पाठमोरा बसतो आणि त्याचं वल्हं होडीला जोडलेल्या कडीत अडकवलेलं असतं. ती कडी टेकू देते, तरफ तिथे पक्की होते. कयाकमध्ये माणूस तोंड पुढे करून बसतो आणि वल्हं होडीला कुठेच जोडलेलं नसतं. टेकू नाही, कडी नाही. पाण्यात मिळालेला जोर होडीपर्यंत पोचतो तो माणसाच्या शरीरातूनच: हातातून खांद्यात, खांद्यातून कमरेत, कमरेतून बैठकीत आणि तळपायातून होडीत. या वाटेत कुठेही ढिलाई राहिली तर तेवढा जोर वाया जातो.

आता पाण्याखाली काय होतं ते पाहू. खाडीच्या उथळ पाण्यात बांबू तळाला टेकवून होडी ढकलणारा नावाडी सगळ्यात कमी नुकसानीत काम करतो. बांबू जागचा हलत नाही, त्यामुळे लावलेला सगळा जोर होडीला मिळतो. वल्ह्याला तळ नसतो. ते पाण्यावरच रेटा देतं आणि पाणी मागे सरकतं. पातं जितकं मागे घसरेल तितकी ताकद होडीऐवजी पाणी घुसळण्यात जाते. म्हणून वल्हं घडवणाऱ्यांची सारी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: पातं शक्य तितकं जागच्या जागी राहावं आणि होडी त्याच्यापुढे निघून जावी.

यावर पहिला उपाय सुचतो तो पातं मोठं करण्याचा. थोडं पाणी वेगानं मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू रेटणं किफायतशीर, हे खरंच आहे. पण हिशेब तितका सरळ नाही. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे क्षेत्रफळ दुप्पट केलं तरी तेवढ्याच जोराला पात्याचं घसरणं सुमारे 30 टक्क्यांनीच कमी होतं, आणि खांद्यावर प्रत्येक हिसक्याला येणारा भार मात्र लगेच जाणवतो. नवख्या माणसाला मोठं पातं देऊन ताकद वाढवल्याचं समाधान मिळतं, पण अर्ध्या तासात त्याचा वल्हवण्याचा ठेका तुटतो. होडीच्या बाजूनं पाहिलं तरी तेच. ढोबळ मानाने वेग 10 टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद सुमारे 33 टक्के जास्त लागते. एवढी महाग गोष्ट रेटून मिळवण्यापेक्षा वाया जाणारं वाचवणं शहाणपणाचं.

ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. त्यांच्याकडे झाडं नव्हती. समुद्रानं वाहून आणलेल्या लाकडातून ते वल्हं कोरत. पातं मुठीत मावेल इतकं अरुंद, पण लांबलचक. मोजमाप शरीराचंच: दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, अधिक कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर. असं पातं पहिल्या हिसक्याला थोडं जास्त घसरतं, पण वारा त्याला पकडत नाही, खांदे शिणत नाहीत आणि दिवसभर चालवता येतं. सीलच्या मागे थंड समुद्रात जाणाऱ्याला पहिल्या शंभर मीटरचा वेग नको होता. त्याला संध्याकाळी घरी परत यायचं होतं.

युरोपात खेळ म्हणून कयाक रुजला आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये दाखल झाला, तेव्हा पातं रुंद झालं होतं. पुढे त्याला चमच्यासारखा खोलगटपणा आला. मग एक अडचण लक्षात आली. वल्हं पाण्यात तिरकं शिरतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखं पातं असेल तर दांड्याच्या खालच्या बाजूचा भाग आधी आणि जास्त बुडतो. वल्हं हातात पिळवटू लागतं. उपाय म्हणून पात्याची खालची कड कापून आखूड केली. आज दुकानात दिसणारं तिरकं, एका बाजूनं छाटलेलं पातं हे त्या दुरुस्तीचंच रूप. काही पात्यांच्या मधोमध एक उंच कणा असतो, दोन्ही बाजूंना उतरता. त्यावरून पाणी दोन्हीकडे सारखं निसटतं आणि पातं थरथरत नाही. नवशिक्याच्या हातात असं कणा असलेलं पातं द्यावं. ते थोडी पकड गमावतं, पण चुका सहन करतं.

खरी उलथापालथ 1980 च्या दशकात स्वीडनमध्ये झाली. तिथल्या मंडळींनी एक वेगळाच प्रश्न विचारला. पातं मागे ओढण्याऐवजी बाजूला सरकवलं तर? विमानाचा पंख हवेत पुढे सरकतो आणि त्याला वर उचलणारं बल मिळतं. तसाच वाकवलेला, एक कड आतल्या बाजूला वळवलेला पंख पाण्यात उभा धरून होडीपासून बाहेरच्या दिशेनं नेला, तर तेच बल पुढच्या दिशेला मिळतं. शिवाय बाजूला सरकणाऱ्या पात्याला सतत नवं, न ढवळलेलं पाणी मिळतं. साधं पातं मात्र स्वतःच हलवलेल्या पाण्यावर रेटत राहतं. या विंग पॅडलनं थोड्याच वर्षांत शर्यतींतलं सपाट पातं जवळजवळ संपवलं. नॉर्वेचे माजी कयाकपटू आयनार रासमुसन यांनी नंतर त्या पात्याला पीळ दिला आणि आजचं शर्यतीचं वल्हं मुख्यतः त्याच वंशातलं आहे. चांगल्या खेळाडूच्या चित्रफिती पाहिल्या तर एक नवल दिसतं. पातं पाण्यात जिथे शिरलं साधारण त्याच रेषेत, कधी तर किंचित पुढेच, ते बाहेर पडतं. म्हणजे ते मागे गेलंच नाही. माणूस आणि होडी त्याच्या पुढे सरकले.

इतक्या बारकाव्यानं मिळतं काय? 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये एक हजार मीटरच्या शर्यतीत अमेरिकेचा ग्रेग बार्टन आणि ऑस्ट्रेलियाचा ग्रँट डेव्हिस जवळजवळ एकदमच रेषेवर पोचले. बार्टनला सुवर्ण मिळालं ते 0.005 सेकंदाच्या फरकानं. शर्यतीच्या सरासरी वेगानं हिशेब केला तर दोघांत दोनेक सेंटीमीटरचं अंतर होतं. त्याच दिवशी बार्टननं नॉर्मन बेलिंगहॅमबरोबर दुहेरीतही सुवर्ण जिंकलं.

पण विंग पॅडल हातात आलं म्हणून कोणी वेगवान होत नाही. ते योग्य वाटेनं गेलं तरच काम करतं, आणि ती वाट हाताची नाही. नव्या माणसाची पहिली समजूत अशी असते की कयाक दंडांच्या जोरावर चालते. तो हात लांब करतो, पातं पाण्याला लागताच ओढू लागतो आणि वीस मिनिटांत दंड भरून येतात. दंडाचे स्नायू लहान असतात, लवकर थकतात. पाठीचे, पोटाच्या बाजूचे आणि मांड्यांचे मोठे. वल्हवणं नीट साधलेल्या माणसाचे हात जवळजवळ सरळ राहतात आणि धड फिरतं.

एक फटका सावकाश पाहू. उजवीकडे वल्हवायचंय. माणूस कमरेतून किंचित पुढे झुकून ताठ बसलेला, पाठ मागे टेकलेली नाही. धड डावीकडे इतकं वळतं की उजवा खांदा पुढे येतो आणि पाठीचा काही भाग किनाऱ्यावरून दिसू शकतो. उजवा हात लांब, उजवा गुडघा वाकलेला. पातं पावलांच्या जवळ, होडीला चिकटून पाण्यात शिरतं. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. पातं अर्धं बुडायच्या आतच जोर लागतो, ‘छपक’ असा आवाज येतो आणि पात्यामागे हवा ओढली जाते. हवेला पकड नसते. प्रशिक्षक ज्याला कॅच म्हणतात तो हाच क्षण: आधी पातं पुरतं बुडवा, मग जोर द्या. नीट बसलेला कॅच जवळजवळ निःशब्द असतो. प्रशिक्षक दुसरीकडे पाहत असला तरी आवाजावरून त्याला शिष्याची प्रगती कळते.

पातं रोवलं की उजवा पाय फुटरेस्टवर दाबायचा. गुडघा सरळ होऊ लागतो, उजवा कुल्ला बैठकीत मागे सरकतो, त्यामागोमाग धड उजवीकडे उलगडतं. जोराची सुरुवात तळपायातून होते आणि हात तो फक्त पोचवतात. वरचा, म्हणजे डावा हात डोळ्यांच्या पातळीवर राहतो आणि होडीच्या मध्यरेषेकडे येतो. तो जोरात पुढे ढकलला की पातं मागून उचललं जातं आणि मुठी आवळल्या की कोपराखालचा हात भरून येतो. म्हणून वरची बोटं अर्धी उघडी ठेवायची सवय लावतात. पातं होडीपासून थोडं बाहेर जात कमरेच्या रेषेत आलं की लगेच बाहेर. कमरेच्या मागे ओढलेलं पातं पाणी वर उचलतं, होडीचा मागचा भाग खाली दाबतं आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाकडी करतं. शेवटच्या त्या वीस-तीस सेंटीमीटरांत खूप मेहनत वाटते आणि मिळत काहीच नाही. ते सोडून देणं हीच बहुतेकांसाठी सर्वांत मोठी सुधारणा असते.

पायांचं आणि धडाचं महत्त्व किती, याचा पुरावा पॅरा कयाकच्या नियमांत सापडतो. तिथे खेळाडूंचे केएल1, केएल2, केएल3 असे गट पाडतात आणि गट ठरतो तो मुख्यतः धड किती साथ देतं आणि पाय किती जोर लावू शकतात यावर. या खेळातली ताकद कुठून येते हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही. ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांनी भोपाळच्या तलावावर सराव करून टोकियो पॅरालिंपिक गाठलं. पॅरा कनूत तिथवर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय. हांगचौला 2023 मध्ये झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी केएल2 गटात कयाकचं सुवर्ण आणि दुसऱ्या प्रकारच्या होडीत रौप्य मिळवलं. ज्या साखळीतले काही दुवे शरीरानं नाकारले आहेत, ती उरलेल्या दुव्यांनी कशी ओढायची हे त्यांच्या वल्हवण्यात दिसतं. पाय शाबूत असूनही ते होडीत नुसते लांब करून बसणाऱ्या शेकडो हौशी लोकांनी त्यांची शर्यत एकदा तरी पाहावी.

वल्हवणं हा केवळ खेळ नाही. सुरतेच्या शेजारी नंदुरबार जिल्हा आहे. त्याच्या उत्तरेला, सरदार सरोवरामुळे फुगलेल्या नर्मदेच्या काठावर अनेक पाड्यांना आजही पाण्यातूनच वाट आहे. 2020 मध्ये करोनामुळे आदिवासी कुटुंबांनी अंगणवाडीत येणं थांबवलं, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मासेमाराची होडी घेऊन स्वतः वल्हवत त्यांच्याकडे जाऊ लागल्या. बाळांची वजनं घ्यायची, गरोदर बायांची चौकशी करायची, पोषण आहार पोचवायचा. 18 किलोमीटर वल्हवण्याची त्यांची ही वाट तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. एका फटक्याला होडी दीड मीटर पुढे गेली असं धरलं तरी ते बारा हजार फटके होतात. अशा कामासाठी वल्हं हलकं असणं, पात्याचा आकार बरोबर असणं, पाय टेकायला फळी असणं या चैनीच्या गोष्टी नाहीत. शर्यतींसाठी चाळीस वर्षांत जे ज्ञान जमलं ते या काठांवरच्या होड्यांपर्यंत का पोचू नये? एक पायटेकू आणि थोडं हलकं वल्हं, एवढ्यानंही संध्याकाळचं खांद्याचं दुखणं कमी होईल.

बंधाऱ्याखालच्या तापीत आणि पुढे समुद्रात मात्र कौशल्याला आणखी एक अंग लागतं. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वाधिक. भावनगरच्या बाजूला उधाणाला तो दहा मीटरांच्या घरात जातो. हौशी कयाकचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर. ओहोटीची धार तेवढीच झाली की कितीही सुरेख फटका मारा, काठावरचं झाड तिथल्या तिथेच दिसतं. इथे वल्ह्याच्या आधी घड्याळ आणि तिथी पाहावी लागते. उधाणाला निघायचं की भांगेला, भरतीबरोबर आत यायचं की तिच्या विरुद्ध, याचा निर्णय किनाऱ्यावर घ्यावा लागतो. पावसाळ्यात उकाईतून विसर्ग सुरू झाला की तर नदीवर उतरूच नये. 2006 च्या ऑगस्टमधल्या पुरानं सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली घातला होता आणि शहर ते विसरलेलं नाही.

मुंबईचे कौस्तुभ खाडे यांनी 2016-17 मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा एकट्यानं कयाकमधून पार केला. शांजली शाही किनाऱ्यानं सायकलवरून त्यांच्या साथीला होत्या. तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. दीड मीटरचाच हिशेब लावला तर वीस लाख फटके. एवढ्या आकड्यासमोर एका फटक्यातली छोटी चूकही छोटी राहत नाही. मनगट दरवेळी दहा अंश जास्त वळत असेल तर ते वीस लाख वेळा वळणार. लांबच्या प्रवासात म्हणूनच बरेच जण पातं थोडं लहान घेतात आणि वल्हं जरा आडवं धरतात. वेग किंचित कमी होतो, पण खांदे वाचतात. शर्यतीतला माणूस वल्हं उभं धरतो, त्यामुळे पातं होडीलगत राहतं, नाळ इकडेतिकडे जात नाही आणि ठेका वाढवता येतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त वल्ह्याची लांबी आणि पात्याचा आकार पद्धतीप्रमाणे बदलायला हवा.

मनगटावरून दोन पात्यांमधल्या कोनाकडे वळावं लागतं. कयाकच्या वल्ह्याची दोन पाती बहुधा एका पातळीत नसतात. एक दुसऱ्याशी तिरकं असतं. पूर्वी हा कोन 80-90 अंशांपर्यंत असे, कारण समोरून वारा आला की हवेतलं पातं कडेनं वारा कापत जातं. पण इतक्या कोनासाठी एका हाताचं मनगट सारखं पिरगळावं लागतं आणि मग दुखण्यांना सुरुवात होते. शर्यतीत आता साधारण 60 ते 75 अंश चालतो, समुद्रात 30-45 किंवा थेट शून्यही. मधल्या जोडावर कोन बदलता येणारं वल्हं मिळत असेल तर तेच घ्यावं. सुरतेजवळच्या दुमसच्या किनाऱ्यावर दुपारनंतर सुटणारं वारं आणि कॉजवेवरची सकाळ यांना एकच कोन पुरत नाही.

आता वजन. स्वस्त वल्हं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि प्लास्टिकची पाती. वजन किलोभर किंवा जास्त. कार्बनचं वल्हं 700 ग्रॅमच्या आसपास असतं. फरक 300 ग्रॅमचा. तासाला 3600 फटके धरले तर हा फरक एक हजार किलोंच्या वर जातो, म्हणजे दर तासाला एक टन जादा उचलायचा. हे ऐकल्यावर पैसे होडीवर खर्च करायचे की वल्ह्यावर, याचा निर्णय अवघड राहू नये.

आणि कार्बनशी सुरतेचा संबंध जुळू घातला आहे. ऑगस्ट 2022 मध्ये रिलायन्सनं सुरतेजवळच्या हजीऱ्याला वर्षाला 20,000 टन क्षमतेचा कार्बन धाग्याचा कारखाना उभारण्याची घोषणा केली. अ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून धागा काढायचा, तो हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजून स्थिर करायचा आणि मग प्राणवायूरहित भट्टीत हजार अंशांच्या वर तापवायचा. मागे उरतो तो केसाहून कितीतरी बारीक, जवळजवळ निव्वळ कार्बनचा तंतू. तो धागा आधी जाणार पवनचक्क्यांच्या पात्यांत, विमानांत आणि वायूच्या टाक्यांत. वल्ह्यांसाठी कारखाना कोणी काढत नाही. पण धागा गावातच तयार होऊ लागला की त्याचं कापड विणणारे आणि राळेत बसवून साच्यात दाबणारे हात सुरतेला बाहेरून आणावे लागणार नाहीत. कार्बनचं कापडही साध्या किंवा ट्विल विणीचंच असतं, आणि ट्विल म्हणजे काय हे उधन्याच्या मागावरच्या कारागिराला समजवावं लागत नाही. दांड्यात लांबीच्या दिशेनं घातलेले धागे तो वाकू देत नाहीत आणि 45 अंशांत तिरके घातलेले पिळू देत नाहीत. या दोन्हींचं प्रमाण बदललं की दांडा कडक होतो किंवा लवचीक. शर्यतीला कडक चांगला. लांबच्या पल्ल्याला थोडा लवणारा दांडा सांध्यांना सुखाचा, म्हणून त्यात काचतंतूही मिसळतात. सुरतेच्या एखाद्या छोट्या कारखानदारानं हे मनावर घ्यावं अशी इच्छा इथे मोकळेपणानं नोंदवायला हरकत नाही.

होडी सरळ नेणं एवढंच वल्ह्याचं काम नाही, हे पुण्यात पाहायला मिळतं. तिथल्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या बोट क्लबची स्थापना 1928 ची. मुळा नदीवर होणाऱ्या त्यांच्या रेगाटात कयाकचा बॅले असतो. मुलं-मुली संगीतावर कयाक फिरवत पाण्यावर आकृत्या रचतात. त्यासाठी लागतो तो झाडूसारखा फटका: पातं पावलाजवळून निघून होडीपासून दूर मोठं अर्धवर्तुळ काढत मागच्या टोकाकडे येतं आणि होडी जागच्या जागी वळते. इथेही फिरतं ते धडच, आणि नजर पात्यामागून जाते. वळवायला शिकलेलं पोर सरळ न्यायला लवकर शिकतं, कारण होडी वाकडी का जाते हे त्याच्या अंगानं ओळखलेलं असतं.

मग वल्हं निवडायचं कसं? उभं राहून वल्हं शेजारी धरावं आणि हात वर करून बोटं वरच्या पात्याच्या कडेवर वाकतात का पाहावं, ही जुनी खूण सुरुवातीला पुरते. शर्यतीसाठी पुरुष साधारण 215 ते 220 सेंटीमीटर घेतात, स्त्रिया थोडं कमी; रुंद पर्यटक होडीला 220-230 लागतं. हात कुठे धरायचे हे ठरवायला वल्हं डोक्यावर आडवं ठेवावं आणि दोन्ही कोपरं काटकोनात येतील तिथे दांड्यावर चिकटपट्टी लावावी. तारकर्ली असो की दुमस, किनाऱ्यावर भाड्यानं होडी घेताना एवढी तपासणी दोन मिनिटांत होते आणि भाडं देणाऱ्याला ती विचित्र वाटली तरी करावी.

मुलांच्या बाबतीत मात्र तडजोड नको. अनेक ठिकाणी दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या हातात मोठ्यांचंच वल्हं दिलं जातं. लांब, जड, मुठीत न मावणारं. ती पोरं धड फिरवूच शकत नाहीत, म्हणून हातांनी ओढतात, आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. त्यांतल्या मुलांना कधी तापीवर उतरवायचं ठरलं तर होड्यांच्या आधी त्यांच्या मापाची वल्ही मागवावीत: पातं लहान, दांडा बारीक, लांबी दोन मीटरच्या आत, वजन शक्य तितकं कमी. पहिले काही आठवडे वरच्या, बंधाऱ्यामागच्या पाण्यातच काठाजवळ जावेत, प्रत्येकाच्या अंगावर जीवनरक्षक जाकीट बांधलेलं असावं आणि शिकवणाऱ्यानं वेग मोजू नये. पातं पाण्यात शिरताना आवाज होतो का, तेवढंच ऐकावं.